चित्रकूटावरचा हरभरा

पौष वद्य द्वितीया, शके १८५७. साखरा.

सकाळी हिंगोलीहून निघालेली तातेराव पाटलांची गाडी उन्हं कलता कलता इथे पोहोचली. हाडं खिळखिळी झाली. गावाच्या कडेला दोन खोल्या, मागे पडवी, आणि पडवी संपली की लगेच शेत. एवढं अंगाला येऊन भिडणारं शेत मी आजवर कधी पाहिलं नव्हतं.

का आलो ते आधी लिहून ठेवतो. हिंगोलीच्या आमच्या राममंदिरात व्यंकटराव गुरुजी कित्येक वर्षं कीर्तन करतात. मी त्यांचा शिष्य. देवाची पूजा करतो आणि पदं रचतो. हल्ली गुरुजींचा आवाज बसतो. मागच्या महिन्यात ते म्हणाले, "विष्णुपंत, येत्या रामनवमीला जन्माआधी म्हणायला नवं काव्य करा. राम-सीता चित्रकूटावर राहिले, तेव्हाचं वनवर्णन. ते चांगलं उतरलं तर पुढे कीर्तन तुम्हीच चालवा." हे मी आयुष्यभर मनात धरून बसलो होतो. पण मंदिरात सारखी वर्दळ. चार ओळी सुचल्या की कोणीतरी घंटा बडवतं. तेवढ्यात पाटलांचा निरोप आला, की पाडव्यापर्यंत गावच्या मारुतीसमोर पोथी सांगायला या. देवाचीच इच्छा.

मला वाटलं होतं ही कुरकुर करेल. हिने उलट एका दिवसात सामान बांधलं. एवढी हौस कशाची, कळलं नाही.

पौष वद्य षष्ठी.

वनवर्णनाचा आरंभ झाला.

हंस विहरती निर्मळ नीरीं ।
कमळें डुलती लहरीलहरीं ॥

गुरुजींना पत्रातून धाडलं आणि हिला वाचून दाखवलं. पोळी लाटता लाटता म्हणाली, "छान आहे. तुम्ही हंस कुठे पाहिलात?" मी म्हणालो, पाहावा लागत नाही, तो काव्यात असतोच. तिने मान हलवली आणि तोंडाला पदर लावून पडवीत गेली. बराच वेळ आली नाही. फोडणीचा वास सहन होत नाही म्हणे. गावातलं करडईचं तेल बाधत असेल. हिंगोलीहून दुसरं मागवायला हवं.

पौष वद्य द्वादशी.

पहाटे उठलो तर ही अंथरुणात नाही. पडवीतून पाहिलं, तर द्वारकाबाईंबरोबर हरभऱ्याच्या शेतात उभी. द्वारकाबाई म्हणजे तातेरावांची बायको. उंचीपुरी, मोठ्याने बोलणारी. दोघींनी एक पांढरं फडकं धरलं होतं आणि ते हरभऱ्याच्या शेंड्यांवरून हलके हलके ओढत चालल्या होत्या. मी गेलो आणि विचारलं, हे काय चाललंय?

"आंब गोळा करून राह्यलो, महाराज," द्वारकाबाई म्हणाल्या. "हरभऱ्यावर आंबट सुटतंय ना, ते दवासंगं फडक्यात उतरतंय. बाईला लई हौस आली आंबटाची."

हिने फडकं वाटीत पिळलं, बोट बुडवून चाटलं आणि डोळे मिटले. मग तेच बोट... लिहायला संकोच वाटतो, पण ही दैनंदिनी माझीच आहे. ते तिने पुन्हा वाटीत बुडवून माझ्यापुढे धरलं. मी आंघोळीआधी काही तोंडात घालत नाही. तरी घातलं.

तो आंबटपणा जिभेवरून थेट कानामागे गेला. थंडगार. पाल्याचा वास, दवाचा वास, आणि ऊन नुकतंच शेंड्यांवर आलेलं. त्या उन्हात शेतातला प्रत्येक केसाळ देठ थेंब धरून उभा होता. द्वारकाबाई म्हणाल्या, "महाराज, तुमी नेहमी खाली मान घालून, डोळे झाकल्यावानी काहून चालता? आज बराबर पाह्यलं तुमी."

मी हसून वेळ मारून नेली. घरी येऊन हंसांचं कडवं पुढे न्यायला बसलो. गेलं नाही.

माघ शुद्ध चतुर्थी.

द्वारकाबाईंचं ते बोलणं डोक्यातून जात नाही. खरंच मी डोळे झाकून चालतो का?

आमची दोन लेकरं गेली. थोरला मुलगा चालायला लागला होता, तापाने गेला. मुलगी जन्मली त्याच संध्याकाळी गेली. त्या वर्षी मंदिराच्या मागचा बकुळ असा काही फुलला होता की मला त्या झाडाचा राग आला. असं कसं फुलवतं याला? गुरुजींनी तेव्हा मला सावरलं. म्हणाले, रूप, रंग, गंध ही सगळी माया आहे. देव हवा असेल तर डोळे मीट. मी मिटले. त्यानंतर मी केलेल्या पदांमध्ये जे काही आहे ते मिटलेल्या डोळ्यांमागचं आहे. लोकांना ती आवडतात. गुरुजींनाही.

आता मला कोणी विचारलं की चित्रकूटावर सकाळी काय दिसत असेल, तर मला सांगता येत नाही.

माघ शुद्ध एकादशी.

रोज पोथीच्या आधी थोडं फिरायचं ठरवलं आहे. काव्याची सामग्री म्हणून, इतकंच. हीसुद्धा येते, पण हल्ली लवकर दमते. बांधावर बसते आणि मला म्हणते, तुम्ही जाऊन या, मला सांगा काय पाहिलंत. मग मला नीट पाहावं लागतं.

आज पाहिलं ते असं. करडईची फुलं पिवळी उमलतात आणि जुनी होताना केशरी होतात. एकाच झाडावर दोन्ही. ज्वारीची कणसं इतकी भरली आहेत की चिमणी बसली तर कणीस वाकतं आणि ती दचकून उडते, पुन्हा येते. रान नांगरलेलं असेल तिथे काळ्या ढेकळांना सकाळी निळी झाक असते. ढेकूळ फोडलं तर आत ओल. मी ते नाकाशी धरलं.

हे सांगितल्यावर हिने हात पुढे केला. "बघू." मी ढेकूळ दिलं. तिने वास घेतला, आणि मी पाहतो तर एक कण तोंडात टाकलेला! मी म्हणालो, अगं, माती काय खातेस, लहान पोर आहेस का? म्हणाली, "फक्त चव पाहिली. तुमच्या कवितेत येणार ना ती?" चुलीशी भाजलेल्या मातीचे खडेही मला दिसले आहेत. पोटात जंत झाले असतील. वैद्याला विचारलं पाहिजे.

घरी आल्यावर हे लिहिलं.

काळिये भुईचें उकलिलें पोट ।
आंत एक कोंभ जागा धीट ॥

हंसांच्या कडव्यापेक्षा हे मला जवळचं वाटतं. पण हे रामाच्या काव्यात बसेल का?

माघ वद्य तृतीया.

आज एक नामी कल्पना सुचली. संस्कृत कवी सांगतात की झाडांनाही डोहाळे लागतात. अशोकाला सुंदरीच्या पावलाचा स्पर्श हवा असतो, तेव्हा तो फुलतो. तर मी असं योजलं, की चित्रकूटावर सीतामाई चालते आणि सगळ्या वनाला डोहाळे लागतात. चिंचेला, आंब्याला, बोरीबाभळींना. हिला सांगितलं. मोठ्यांदा हसली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी थांबेना. मी घाबरलो. "काय झालं?" तर म्हणाली, "काही नाही. तुमचं ज्ञान फार आहे."

संध्याकाळी द्वारकाबाई आल्या. हिला पाटावर बसवून खणा-नारळाने हिची ओटी भरली. शेजारपाजारची एकही बाई बोलावली नव्हती. आज काय विशेष, असं विचारलं, तर, "काही न्हाई, महाराज, अशीच. लेक माहेरी आल्यावानी वाटलं," म्हणाल्या आणि दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. या गावची माणसं प्रेमळ आहेत.

फाल्गुन शुद्ध द्वितीया.

आज जे घडलं ते नीट लिहिता येईल का, शंका आहे.

ओढ्यापलीकडच्या माळावर पळसाचं बन आहे. तातेराव म्हणाले होते, "फुललंय, एकदा पाहून या. नजर ठरत न्हाई." दुपारच्या आधी आम्ही दोघं गेलो. ही ओढ्याच्या काठी दगडावर टेकली, मी चढण चढून वर गेलो.

एकाही झाडाला पान नव्हतं. नुसत्या वाकड्यातिकड्या काळ्या फांद्या, आणि त्यांवर टोकापासून बुडख्यापर्यंत केशरी फुलं. वारा नव्हता. कोतवाल, साळुंक्या, पोपट, कोण कोण त्या फुलांत चोची घालून मध पीत होते, भांडत होते, आणि त्यांच्या कपाळांना पिवळी भुकटी लागली होती. जणू सगळे पूजा आटोपून गंध लावून आलेले. खाली जमिनीवर फुलं पडलेली. पाय ठेवायला जागा शोधावी लागली.

मी नामस्मरण करायला डोळे मिटू गेलो. सवयच ती. आणि मिटता येईनात. मनात स्वच्छ आलं, की हाक मारतो आहे तो इथेच समोर उभा आहे, आणि मी त्याच्या तोंडावर दार लावतो आहे. इतकी वर्षं मी देव पाहायचा म्हणून नेमक्या त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. बकुळ फुलला होता त्या वर्षीही. माझं लेकरू गेलं आणि बकुळ फुलला, ही क्रूरता नव्हती. तो माझ्याजवळ आला होता. मला ते दिसलं नाही, माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

मी तिथे मोठ्याने रडलो. मग हसलो. साळुंक्या उडाल्या.

खाली आलो तेव्हा ही माझं तोंड निरखत उठली. मी ओंजळभर फुलं तिच्या पदरात टाकली. आणि उभ्या उभ्या तिला म्हणून दाखवलं:

पळसाचें पान । गळोनियां गेलें ।
तेथेंचि उमलें । रूप तुझें ॥

ती म्हणाली, "अहो, मला तुम्हाला एक सांगायचं आहे." मी म्हणालो, थांब, दुसरं कडवं येतं आहे. ते आलं:

हरभऱ्यावरी । दंवाची आंबटी ।
जिभेवरी भेटी । देवा तुझी ॥

मग विचारलं, काय सांगायचं होतं? तिने पदरातली फुलं सावरली. "राहू द्या. आज तुमचा दिवस आहे," म्हणाली.

फाल्गुन शुद्ध एकादशी.

काव्य पुढे पळतं आहे. एवढा आनंद मला झेपेल का, अशी भीती वाटते. आज नांगरलेल्या रानात टिटवीची अंडी पाहिली. घरटं नाहीच, उघड्या जमिनीवर दोन-चार खडे आणि त्यांच्यासारखीच ठिपक्यांची अंडी. टिटवी माझ्या डोक्यावरून ओरडत फिरत होती. मी अंग चोरून मागे सरलो. एवढ्या मोठ्या आभाळाखाली कोणी इतकं नाजूक काही ठेवून देतं, कशाच्या भरवशावर?

टिटवीचें अंडें । उघड्या रानांत ।
तेथें रघुनाथ । राखणीला ॥

हे ऐकून ही म्हणाली, "खरंच असतो का तो राखणीला?" तिचा आवाज वेगळाच आला. मी म्हणालो, असतो. ती म्हणाली, "मग पुन्हा म्हणा." तीनदा म्हणायला लावलं.

एक विचित्र गोष्ट. हिने चोळ्या उसवून सैल केल्या आहेत. इथलं ज्वारी-दूध मानवलेलं दिसतं.

फाल्गुन वद्य चतुर्थी.

गुरुजी आज स्वतः काव्य ऐकायला आले. एवढ्या वयात गाडीने. मी त्यांना पडवीत बसवून सगळं म्हणून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर उघडले.

"हंस कुठे गेले?"

"गुरुजी, मी हंस पाहिलेला नाही."

"मीही नाही पाहिलेला. म्हणून काय झालं? चित्रकूटावर हरभरा पिकत नव्हता, विष्णुपंत. आणि टिटवी? रामरायाच्या काव्यात टिटवी?"

मी म्हणालो, "वनवासात राम उघड्यावर झोपत असतील, तर टिटवी ऐकली असेलच की त्यांनी."

गुरुजी सावकाश म्हणाले, "तुम्ही रूपात अडकलात. मी तुम्हाला यातून हात धरून बाहेर काढलं होतं. आरंभी केलेलं तेच पुरं करा. ते म्हणणार नसाल तर मी आहे अजून. आवाज बसला तरी."

रागावून बोलले असते तर सोपं गेलं असतं. ते काळजीने बोलले. जाताना हिच्या डोक्यावर हात ठेवून "सांभाळून राहा हो" म्हणाले. म्हाताऱ्या माणसाला काय दिसलं कोण जाणे. माझ्यासारख्या नवऱ्याबरोबर सांभाळूनच राहावं लागणार, असं त्यांना म्हणायचं असेल.

फाल्गुन वद्य दशमी.

हंस पुरे केले. कमळं, चंदन, मोर, सगळं जागच्या जागी. एकही मात्रा चुकलेली नाही. वाचताना स्वतःलाच झोप येते.

माझी चूक होत असेल तर? पळसाच्या बनात मला जे वाटलं ते नुसतं ऊन असेल, डोक्यात गेलेलं. गुरुजींनी मला बुडताना वर काढलं आहे. त्यांचं मन मोडून जे गावं ते भजन होईल का?

चैत्र शुद्ध अष्टमी, शके १८५८. हिंगोली.

पाडवा करून, पोथी संपवून काल परत आलो. द्वारकाबाई आणि तातेराव उत्सवाला म्हणून आमच्याबरोबरच आले आहेत. उद्या रामनवमी.

दिवेलागणीला मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. ही तुळशीशी दिवा लावत होती. मी माझंच बोलत होतो: हे म्हणू की ते म्हणू, गुरुजींचा शब्द, कीर्तनाचा मान, टिटवी ठेवून हरभरा काढला तर चालेल का, पळस तरी राहू द्यावा का. ती ऐकत होती. मग दिव्याला हात जोडून उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, तुम्हाला टिटवीची अंडी दिसतात. ज्वारीवरची चिमणी दिसते. ढेकळातली ओल दिसते. मी दिसत नाही का?"

मी पाहिलं.

दिव्याचा उजेड तिच्या मागून येत होता. तिने पदर सारखा केला नाही, तशीच उभी राहिली, म्हणजे मला पाहता यावं. आंब, माती, सैल चोळ्या, ओटी, सगळं एकदम माझ्या अंगावर कोसळलं. मी तुळशीच्या कट्ट्यावर मटकन बसलो.

"कितवा?"

"पाचवा लागला."

"आणि मी जंतांचं औषध विचारत होतो!"

ती हसायला लागली. मी विचारलं, इतके दिवस का नाही सांगितलंस? हसू ओसरलं. म्हणाली, "दोनदा तुम्हाला मोडलेलं पाहिलंय. म्हटलं, तीन महिने होऊ देत. मग तुम्ही पळसाखालून आलात, तुमचा चेहरा तसा मी लग्नात पाहिला होता, त्यानंतर त्या दिवशीच. वाटलं, यात भीती कशाला घालू?"

"तुला भीती वाटते?"

"रोज. पण टिटवीचं कडवं म्हणते मनात."

मी ज्या कडव्याची एवढी चर्चा करत होतो ते ही रोज पोटाशी धरून बसली होती. मी तिचा हात धरला. अंगणात, कोणीही पाहील असा. द्वारकाबाई दारातून म्हणाल्या, "कळलं का महाराजांना एकदाचं? आमच्या गावातल्या कोंबड्यांना बी ठावं होतं."

चैत्र शुद्ध दशमी.

काल लिहायला वेळ झाला नाही. आता लिहितो.

मंदिर भरलं होतं. बायका पाळण्याच्या बाजूला, पुरुष इकडे. गुरुजी खांबाला टेकून बसले होते. मी उभा राहिलो, त्यांना नमस्कार केला आणि म्हणालो, "गुरुजी, मला हंस येत नाहीत. क्षमा असावी." आणि पळसापासून सुरुवात केली.

आधी कुजबुज झाली. हरभऱ्याच्या कडव्याला एक शेतकरी मागून "वा!" म्हणाला. त्याच्या जिभेवर ती आंब आली असणार. टिटवीच्या कडव्याला मी बायकांच्या बाजूला पाहिलं. ही, माझी अनुसूया, डोळे उघडे ठेवून ऐकत होती. ओठ हलत होते. माझा आवाज गेला. कडवं अर्धं राहिलं, आणि ते तिने पुरं केलं, बसल्या जागेवरून, बारीक आवाजात, "तेथें रघुनाथ राखणीला." मग द्वारकाबाईंनी धरलं, मग बाकीच्या बायकांनी, मग पुरुषांनी. मला पुढचं म्हणूच देईनात. तेच, तेच, पुन्हा पुन्हा, टाळ घेऊन. त्यातच दुपारचे बारा झाले, जन्म झाला, गुलाल उधळला, पाळण्याची दोरी कोणाच्या हातात गेली ते कळलं नाही.

प्रसाद झाल्यावर गुरुजींपुढे गेलो. त्यांचे डोळे लाल होते. गुलाल गेला असेल म्हटलं.

"रचना कच्ची आहे," ते म्हणाले. "दोन ठिकाणी यमक ढिलं आहे. चित्रकूटावर हरभरा पिकत नव्हता हे मी अजूनही म्हणतो."

"होय, गुरुजी."

"आज संध्याकाळी पुन्हा म्हणा. मला नीट ऐकता आलं नाही. रडत होतो." आणि थोड्या वेळाने, दुसरीकडे पाहत, "ती टिटवी कुठेशी असते म्हणालात?"

चैत्र वद्य प्रतिपदा.

पुन्हा साखऱ्याला आलो आहोत. द्वारकाबाईंचा हट्ट, की सातव्या महिन्यापर्यंत बाईला इथेच ठेवायचं. परवा गुरुजीही येणार आहेत. तातेरावांनी त्यांच्यासाठी गाडीत गादी घालायला सांगितली आहे.

भीती गेलेली नाही. सकाळी जाग आली की आधी हिच्या श्वासाकडे कान जातो. मागे दोनदा असाच आनंद होता आणि गेला, हे मी विसरणार नाही. पण आता डोळे मिटणार नाही, जे येईल ते पाहीन.

दारातला कडुलिंब मोहरला आहे. त्याची बारीक पांढरी फुलं पडवीत पडतात, हिच्या केसांत, माझ्या कागदावर. मी नवं पद लिहायला बसलो होतो, फुंकर मारून फुलं उडवत. इतक्यात ही आतून जवळजवळ ओरडलीच, "अहो, लवकर या! हात आणा इकडे! हललं!"

शाई सांडली. जातो.